लालबागची खोली आणि आपला उतारा

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात पिंपळनेरच्या बचत गटातल्या मैत्रिणींनी केलेलं भाषण)

आम्ही पिंपळनेरहून बोलतोय. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. बिबडे, नागलीचे पापड आणि कळण्याचं पीठ आम्ही करतो आणि विकतो. एरवी इथे बोलायला आलो की पापडांविषयी बोलतो, नाहीतर कर्जाच्या हप्त्यांविषयी. आज घराविषयी बोलणार आहोत. घराविषयी म्हणजे खरं तर घराच्या कागदाविषयी.

झालं असं की मागच्या खेपेला आम्ही चौघी मुंबईला गेलो होतो. बांद्र्याला बचत गटांचं महालक्ष्मी सरस भरतं, तिथे माल घेऊन. आमच्यात सगळ्यात मोठ्या आहेत त्यांना आम्ही जिजी म्हणतो. जिजींचं लग्न झालं तेव्हा त्यांचे मालक मुंबईला कापड गिरणीत साच्यावर होते. जिजींनी लालबागला सात-आठ वर्षं संसार केला. त्यांची धाकटी जाऊ अजून तिथेच राहते. सरस आटोपल्यावर जिजी म्हणाल्या, "चला, देराणीकडे दोन रात्री राहू. मला माझी खोली बघायची आहे."

दादरहून आम्ही लालबागला आलो. जिजी टॅक्सीतून उतरल्या आणि रस्त्यातच उभ्या राहिल्या. वर बघतात, इकडे बघतात. म्हणाल्या, "आठे भोंगा वाजे वं माय. आते काहीच वळखू येत नई." जिथे गिरणीची चिमणी दिसायची तिथे पन्नास-साठ मजल्यांचा मनोरा. खाली काचेचं दुकान. दारात टोपीवाला पहारेकरी. फक्त मिरची गल्लीत पोचल्यावर, मसाल्याचा ठसका लागल्यावर जिजींच्या चेहऱ्यावर ओळख आली.

मैत्रिणींनो, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा या सगळ्या भागाला गिरणगाव म्हणायचे. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. मग एकामागून एक गिरण्या आल्या आणि त्यांच्या आजूबाजूला चाळी उभ्या राहिल्या. कोकणातली माणसं आली, घाटावरची आली, उत्तरेकडची आली. आपल्या खानदेशात धुळ्याला, अमळनेरला, चाळीसगावला, जळगावला गिरण्या होत्या, म्हणून आपली माणसं तिकडे कमी गेली. पण जी गेली त्यातले जिजींचे मालक एक.

चाळीतली खोली दहा बाय बाराची. जिजींच्या खोलीत जिजी, त्यांचे मालक, दीर आणि दोन लेकरं. शेजारच्या खोलीत नुसतेच पुरुष, आठ-दहा जण. दिवसपाळीचे रात्री झोपायचे, रातपाळीचे दिवसा. नळ सगळ्यांचा एक, संडास मजल्याच्या टोकाला. ही सगळी अडचण खरीच. पण गॅलरी होती. गॅलरीत पापड वाळायचे, बाळं खेळायची, भांडणं व्हायची आणि मिटायची. कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर मजल्याला कळायचं.

जिजी तिथे खानावळ चालवायच्या. दोन वेळचे आठ डबे. पहाटे चारला उठायचं. किराणा उधारीवर आणायचा, पगार झाला की गडी पैसे देणार. गिरणगावात अशा हजारो बाया होत्या. त्यांच्या भाकरीवर गिरण्या चालल्या असं म्हटलं तर खोटं नाही. पण त्यांचं नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हतं. सावकाराकडून भारी व्याजानं पैसे घ्यावे लागत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण गटाच्या सहीवर बँकेत जातो, त्याआधी किती तरी वर्षं त्या बायांनी हे करून दाखवलं होतं. जिजी त्या मंडळात नव्हत्या. त्यांना कळलं तोवर संप आला.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष गेलं. संप अधिकृतपणे मागे घेतला असं कधी कुणी जाहीरच केलं नाही. पगार नाही म्हटल्यावर खानावळीचे पैसे कोण देणार? जिजींनी आधी पाटल्या मोडल्या, मग भांडी विकली. १९८३ च्या पावसाआधी दोन लेकरं घेऊन मालकांबरोबर पिंपळनेरला परत आल्या. पांझरेच्या काठी दीड एकर होतं, त्यावर राहिल्या. धाकटा दीर मात्र खोलीत थांबला. कुणीतरी खोली धरून ठेवायला हवी होती.

आता पुढचं नीट ऐका. कारण हे लालबागचं आहे तसं आपलंही आहे.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कापड विकून जेवढं मिळत नव्हतं तेवढं जमीन विकून मिळणार होतं, कारण मुंबईत जमीनच नाही आणि गिरण्यांकडे शेकडो एकर होती, तीही शहराच्या मधोमध. १९९१ साली सरकारनं नियम केला. साध्या भाषेत सांगायचं तर जमिनीचे तीन भाग करायचे. एक भाग बागा-मैदानांसाठी महापालिकेला, एक भाग लोकांच्या घरांसाठी म्हाडाला, एक भाग मालकाला. २००१ साली तो नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त जी मोकळी पडलेली आहे तिची. म्हणजे ज्या जमिनीवर गिरणीची शेड उभी होती ती वाटणीतून सुटली. लोक उच्च न्यायालयात गेले, २००५ साली निकाल लोकांसारखा लागला. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, २००६ साली तो निकाल फिरला. नियमातला थोडासा मजकूर बदलला आणि लोकांच्या वाट्याची जमीन कितीतरी कमी झाली. आपण म्हणतो ना, कागदात काय ठेवलंय? हे ठेवलंय.

लोअर परळची फिनिक्स मिल आता मोठा मॉल आहे. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेलं आहेत. काही बिल्डर तर जाहिरातीत लोअर परळ असं लिहितच नाहीत, अप्पर वरळी लिहितात. परळ म्हटलं की कामगार आठवतो, वरळी म्हटलं की समुद्र आणि श्रीमंती. नाव बदललं की भाव बदलतो.

कामगारांचं काय झालं? ज्यांनी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत काम केलं त्यांना किंवा त्यांच्या वारसांना म्हाडाची घरं द्यायचं ठरलं. २०१२, २०१६ आणि २०२० साली सोडती निघाल्या. २०२० च्या सोडतीत ३,८९४ घरं होती, किंमत साडेनऊ लाख. अर्ज मात्र सगळे मिळून दीड लाखाच्या वर. जिजींनीही अर्ज भरलेला आहे. नंबर लागलेला नाही. आता काहींना मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं देण्याचं चाललंय, आणि आम्ही मुंबई उभी केली, आम्हाला मुंबईतच द्या, म्हणून २०२५ साली कामगार आणि त्यांची मुलं आझाद मैदानावर गेली होती.

सगळंच वाईट झालं असंही नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या जुन्या चाळी त्या. जी माणसं शेवटपर्यंत तिथे टिकली आणि ज्यांच्या नावाचा कागद होता, त्यांना घर मिळालं.

आता जिजींच्या खोलीकडे येऊ.

खोली भाड्याची. महिना तीस-पस्तीस रुपये भाडं. पावती जिजींच्या मालकांच्या नावे. मुंबईत जुन्या भाडेकरूला सहज काढता येत नाही, कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून अशी खोली भाड्याची असली तरी तिला किंमत असते, आणि ती पागडी देऊन घेतली-दिली जाते. जिजींचे मालक वारले. पुढे चाळ पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलं. बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या लागत होत्या. दीर पिंपळनेरला आले. आखाजीचे दिवस होते. जिजींसाठी लुगडं आणलं, लेकरांसाठी कपडे आणले. पुरणपोळी-आमरसाचं जेवण झालं. मग त्यांनी कागद काढला. म्हणाले, "वहिनी, नुसती ना हरकत आहे. सही करा." जिजींनी केली. पन्नास हजार रुपये मिळाले, त्यात पोरीचं लग्न निघालं.

आम्ही जिजींना विचारलं, तुम्हाला राग येत नाही का? त्या म्हणाल्या, "राग कसला? तो तीस वर्षं तिथे राहिला. भाडं त्यानं भरलं. पावसाळ्यात छत गळायचं ते त्यानं सोसलं. घर त्याला मिळालं ते ठीकच झालं. पण एक सांगते. तो कागद मला कुणी वाचून दाखवला नाही. आणि मीही वाच म्हटलं नाही."

चाळ पाडली. इमारत व्हायला नऊ वर्षं लागली. तेवढा काळ दीर-जाऊ भाड्याच्या घरात राहिले, तेही तीनदा बदललं. इमारत पुरी व्हायच्या आधीच दीर वारले. जाऊ आणि त्यांचा मुलगा अकराव्या मजल्यावर राहायला आले. तीनशे फुटांचं घर. आत संडास, आत नळ, लिफ्ट. जिजी संडासाचं दार उघडून बराच वेळ बघत राहिल्या. चाळीत त्यांनी रांगेत उभं राहून काढलेले दिवस त्यांना आठवले असणार. आत संडास मिळणं ही बाईसाठी लहान गोष्ट नाही, ते आम्ही कुणी विसरू नये.

रात्री आम्ही चौघी आणि जाऊबाई खाली अंथरूण घालून झोपलो. तेव्हा त्या बोलायला लागल्या. म्हणाल्या, "जिजी, लोक म्हणतात तुझं कोटीचं घर आहे. कोटी काय मला खायला येते का?"

मग त्यांनी हिशेब सांगितला. चाळीत महिन्याला पस्तीस रुपये भाडं होतं. आता सोसायटीला महिन्याला साडेपाच हजार द्यावे लागतात, त्यात लिफ्ट, पाणी, पहारा, सफाई. सुरुवातीची काही वर्षं बिल्डरनं दिलेल्या ठेवीच्या व्याजातून भागलं, नंतर ज्याचं त्यानं. वीज जास्त लागते. खाली आधी भाजीवाली बसायची, ती उठली. आता जवळचं दुकान आहे त्यात भेंडी पॅकबंद मिळते आणि भाव विचारायची सोय नाही. पिठाची गिरणी गेली. पोळ्या लाटून देणाऱ्या तीन बाया होत्या, त्या दूर राहायला गेल्या. जाऊबाई स्वतः शेजारच्या मोठ्या मनोऱ्यात दोन घरी स्वयंपाक करतात. त्या मनोऱ्यासाठी फाटक वेगळं, यांच्या इमारतीसाठी वेगळं. जमीन एकच होती, तिच्यावरच दोन्ही उभे आहेत.

आणि दारं बंद. "गॅलरी नाही गं. समोरच्या घरात कोण आहे ते मला दोन महिन्यांनी कळलं," असं त्या म्हणाल्या.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. मुलगा घर विकायचं म्हणतोय. दलालानं कोटीच्या आसपास भाव सांगितलाय. कल्याणच्या पुढे साठ लाखांत दोन खोल्या-स्वयंपाकघर मिळेल, उरलेल्या पैशांत मुलांची शिक्षणं होतील, असा त्याचा विचार. तोही चुकीचा नाही. तीनशे फुटांत तो, बायको, दोन मुलं आणि आई. महिन्याचा खर्च पेलत नाही. महाग वस्तीत राहणं वेगळं आणि तिथे राहणं परवडणं वेगळं. अशीच गिरणगावातली किती कुटुंबं कल्याण, डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. कुणी त्यांना हाकललं नाही. भाजी, दूध, शाळेची फी, सोसायटी, सगळ्यांनी मिळून हळूहळू ढकललं.

जाऊबाई म्हणाल्या, "विकू नको असं मी म्हणत नाही. पण मला विचारलं तर पाहिजे ना? घर माझ्या मालकांच्या हक्काचं. ते गेल्यावर बिल्डरच्या कचेरीत एकजण म्हणाला, एकच नाव लिहा, सोपं पडतं. मुलाचं नाव लिहिलं. माझी आणि मुलीची ना हरकत घेतली. आता कल्याणला घर घेतील तेही त्याच्याच नावे. उद्या काही झालं तर मी कुठे?"

जिजी आणि जाऊबाई दोघी एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं पिंपळनेरला सही केली, एकीनं लालबागला. एकीच्या सहीनं खोली गेली, दुसरीच्या सहीनं घरातला हक्क गेला. दोघींना लिहिता-वाचता येत होतं. दोघींनी वाचलं नव्हतं.

आम्ही त्या रात्री झोपलो नाही. आणि गावी आल्यावर ठरवलं की हे रेडिओवर सांगायचं.

तुम्ही म्हणाल, लालबाग कुठे आणि आपण कुठे. जळगावला रेल्वे स्टेशनजवळ खानदेश मिल होती. आज तिथे खानदेश सेंट्रल आहे. म्हणजे हे मुंबईलाच होतं असं नाही. आणि आपलं पिंपळनेर बघा. ग्रामपंचायत होती, आता नगर परिषद झाली. साक्री-सटाणा रस्त्याला दुकानं वाढली. ज्या वावरात आपण भुईमूग काढला तिथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत. जिथे एकरानं भाव व्हायचा तिथे आता गुंठ्यानं आणि फुटानं होतो. भाव वाढायला लागला की कागद बाहेर निघतात. आणि कागद निघाले की बहिणींची आठवण येते.

आखाजीला लेक माहेरी येते. झोका असतो, गाणी असतात, सांजोऱ्या असतात. भाऊ दारापर्यंत घ्यायला येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणतो, ताई, साक्रीला जाऊन येऊ, एक सही आहे. ते हक्कसोडपत्र असतं. आम्ही बारा जणींनी गटात हात वर करून मोजलं. सात जणींनी हक्कसोड केलेली होती. त्यातल्या दोघींनाच माहीत होतं की आपण काय सोडलं.

आम्ही भावाशी भांडा असं सांगत नाही. माहेर तुटू नये असं प्रत्येकीला वाटतं, आम्हालाही वाटतं. पण विचार करून सोडणं वेगळं आणि न वाचता सोडणं वेगळं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे फिरत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्रात तो कायदा १९९४ साली झाला, सगळ्या देशासाठी २००५ साली. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला आणखी स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. आणि नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. हा हिंदू वारसा कायदा आहे. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी बहिणींना तो थेट लागू होत नाही, त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा. पण त्यांच्यासाठी एक मोठं संरक्षण आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. साध्या स्टॅम्पपेपरवर कुणी लिहून मागितलं तर देऊ नका.

आता घर घेण्याविषयी. आपली मुलं नाशिकला आहेत, पुण्याला आहेत, सुरतला आहेत. तिकडे फ्लॅट घ्यायचा म्हणून इकडे वावर विकलं जातं, नाहीतर आईचं सोनं मोडलं जातं. आम्ही शिकलो त्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेत असाल तर रेरा नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून हे महारेरा सुरू आहे. मोबाइलवर क्रमांक टाकला की इमारत कधी पुरी होणार, कुठल्या परवानग्या आहेत, ते दिसतं. नातवाला सांगा, तो दाखवेल.

दुसरी. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही. चाळीस लाखांचं घर असेल तर चार लाखांच्या वर आधी द्यायचे नाहीत. पावती घ्यायची.

तिसरी. जागा विचारताना चटई क्षेत्र विचारा, त्याला कार्पेट म्हणतात. म्हणजे भिंतींच्या आत जिथे आपण सतरंजी अंथरू शकतो ती जागा. जिना, गच्ची धरून मोठा आकडा सांगतात, त्याला भुलू नका.

चौथी. हप्त्याबरोबर महिन्याचा सोसायटीचा खर्चही लिहा. लालबागच्या जाऊबाईंचा हिशेब आठवा. घर घेण्याची ताकद आणि घरात राहण्याची ताकद, दोन्ही मोजा.

पाचवी, आणि हीच आमची मुख्य गोष्ट. ज्या घरात तुमच्या वावराचे, तुमच्या सोन्याचे, तुमच्या घामाचे पैसे गेले, त्या घराच्या कागदावर तुमचं नाव हवं. नॉमिनी म्हणून नको. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खरेदीखतात हवं. त्याची नोंद इंडेक्स टू वर येते, ती बघा. आणि यात फायदाही आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. साठ लाखांच्या घराला साठ हजार वाचतात. पुरुषाचं नाव जोडलं तर ही सूट मिळत नाही.

सहावी गावातल्या घराची. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीचा उतारा आहे, तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. पण तिथे नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं, ते लावा. शेताच्या सातबाऱ्यावर नवरा राजीखुशीनं बायकोचं नाव लावू शकतो, त्यासाठी १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे अर्ज करायचा. आमच्या गटात आता चार जणींची नावं सातबाऱ्यावर आहेत. एकीच्या मालकांनी आधी विचारलं, "तुला माझा भरवसा नाही का?" ती म्हणाली, "आहे म्हणून तर तुमच्याकडे मागते. भरवसा नसता तर कोर्टात मागितलं असतं." दुसऱ्या दिवशी ते स्वतः अर्ज घेऊन आले.

आणि कुठेही सही करायची वेळ आली की एक वाक्य पाठ करून ठेवा: "कागद ठेवा, आमच्या गटात वाचून मग सांगते." यात अपमान नाही. ज्याला घाई आहे त्यालाच राग येईल. शंका असेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे फुकट वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे बघत नाहीत.

लालबागच्या जाऊबाईंचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही निघायच्या दिवशी सकाळी जिजींनीच पुतण्याला चहा देताना विषय काढला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, मी एक सही न वाचता केली होती. तुझ्या वडिलांवर माझा राग नाही. पण तुझ्या आईला तसं करायला लावू नकोस." तो गप्प बसला. मग आमच्यातल्या एकीनं साठ हजारांचा हिशेब सांगितला, तेव्हा तो जरा हसला आणि म्हणाला, "हे मला दलालानं सांगितलं नव्हतं, काकू."

अजून काही ठरलेलं नाही. घर विकलेलं नाही, नवं घेतलेलं नाही. पण मागच्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला. कल्याणच्या बिल्डरनं कागद दिले होते. मुलगा ते घरी घेऊन आला आणि संध्याकाळी आईजवळ बसून त्यानं ते वाचून दाखवले. तीन ठिकाणी त्यांना कळलं नाही, तिथे त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. आता वकिलाला विचारणार आहेत. मुलीलाही फोन करून सांगितलंय.

जिजींनी तो फोन सगळ्या गटाला ऐकवला. मग उठून पेटीतून स्वतःचा सातबारा काढला आणि म्हणाल्या, "माझाही एकदा नीट वाचा." आम्ही वाचला. आपणही घरी गेल्यावर आपला उतारा काढा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. त्यावर कुणाचं नाव आहे, तेवढंच आधी बघा.

पुढच्या वेळी पापडांविषयी बोलू. रामराम.